साहेब, विमान म्हणजे वडाप नव्हे

(राज्य सरकारसाठी विमानं-हेलिकॉप्टरं भाड्यानं घेणाऱ्या सगळ्या साहेबांना, उजळाईवाडीहून खुलं पत्र)

नमस्कार साहेब,

तुमचं विमान आमच्या उजळाईवाडीला, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावर, उतरलं की दार उघडायच्या आधीच गाड्या लायनीत लावून उन्हात जो माणूस उभा असतो ना, तो मी. तुम्ही मला बघितलं असेल पण लक्षात असायचं काही कारण नाही. चार्टर हँडलिंग म्हणतात आमच्या धंद्याला, चार्टर म्हणजे भाड्यानं घेतलेलं अख्खं विमान, आणि त्याची खालची सगळी सोय आमची, म्हणजे गाड्या, क्रूची हॉटेलातली रूम, जेवणाचे डबे, परवानग्यांचे कागद, आणि साहेबांना ऐनवेळी अंबाबाईचं दर्शन घ्यावंसं वाटलं तर तीही सोय. चौदा वर्षं झाली. मी पायलट नाही, इंजिनियर नाही, पण चौदा वर्षं विमानाच्या सावलीत उभं राहिलं की काही गोष्टी आपोआप कळतात.

गेल्या आठवड्यात एका ओळखीच्या ऑपरेटरनं, म्हणजे विमानं भाड्यानं देणाऱ्यानं, व्हॉट्सॅपवर एका खात्याच्या टेंडरची पीडीएफ पाठवली, खाली लिहिलेलं "दर टाकू का नको सांग". रात्री जेवून वाचायला बसलो. साठेक पानं होती. बयाणा रक्कम, स्टॅम्प पेपर, प्रतिज्ञापत्र, तीन वर्षांची उलाढाल, सीटा लेदरच्या पाहिजेत, आत पेपर कुठले ठेवायचे, पाण्याच्या बाटल्या, ओले टिश्यू, सगळं मुद्द्यासकट. आणि सुरक्षेबद्दल काय तर एक ओळ, ऑपरेटरनं डीजीसीएचे (विमानांवर देखरेख करणारं केंद्राचं खातं) सगळे नियम पाळावेत. संपलं. शेवटी काम कुणाला, तर ज्याचा ताशी दर सगळ्यात कमी त्याला, म्हणजे एल-वन. ती पीडीएफ बंद केली आणि झोप काय लागली नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

आमच्याकडं गावोगावी वडाप चालतं. बाहेरच्या लोकांसाठी सांगतो, वडाप म्हणजे शेअर जीप, भरली की निघाली, दोन जीपा उभ्या असल्या तर जो पाच रुपये कमी घेतो त्याच्यात बसायचं, टायर कसे आहेत ते कोण बघत नाही. जीप बंद पडली तर उतरून ढकलता येते. विमानाचं तसं नाही एवढंच मला म्हणायचंय, पण ते नीट सांगायचं तर जरा लांबण लागेल, तेवढं चालवून घ्या.

ताशी दरात काय काय असतं बघा. इंधन, क्रूचा पगार, विमा, लँडिंग-पार्किंग, आणि दर उड्डाण तासामागं इंजिनच्या ओव्हरहॉलसाठी, म्हणजे ते पूर्ण खोलून दुरुस्त करण्यासाठी, बाजूला काढून ठेवायचे पैसे. आता ऑपरेटरला दर पाडायचाय. इंधनाचा भाव तो ठरवत नाही, पार्किंगचा दर विमानतळ ठरवतो, विमा कंपनी काय ऐकत नाही. मग उरलं काय? पायलट आणि मेंटेनन्स. चार पायलटांच्या जागी तीनच ठेवायचे आणि त्यांनाच फिरवायचं, स्पेअर पार्ट वेळेच्या आधी आणून न ठेवता लागला की मागवायचा. यातलं काहीच बेकायदा नाही बरं का, नियमात बसतं सगळं. पण नियम ही खालची रेघ आहे, आणि एल-वनच्या नादात सगळे ऑपरेटर त्याच रेघेवर येऊन बसतात. जो शहाणा ऑपरेटर रेघेच्या चार बोटं वर राहतो त्याचा दर जास्त येतो आणि तो बाहेर पडतो. म्हणजे चांगलं वागल्याची शिक्षा तुमचं टेंडरच देतंय की.

हे कायद्यानं असंच करायला लागतं असं मला एका बाबूंनी सांगितलेलं. तसं नाही साहेब. केंद्राच्या वित्त मंत्रालयानं २०२१ च्या ऑक्टोबरात खरेदीच्या ज्या सूचना काढल्या त्यात महत्त्वाच्या कामांसाठी दर्जाला ३० टक्क्यांपर्यंत गुण द्यायची मुभा दिलीय, बाकीचे गुण दराला. रस्त्यापुलांना चालतं तर माणसं हवेत उचलणाऱ्या यंत्राला का चालू नये? राज्यानं तसा निर्णय काढायला कोण हात धरतंय?

कमी बोलीचा अनुभव तर आम्ही कोल्हापूरकरांनी तिकिटं काढूनच घेतलाय. छोट्या शहरांना विमानानं जोडायच्या केंद्राच्या उडान योजनेत सरकार कंपनीला तोट्याचा फरक भरून देतं, जी कमी फरक मागते तिला तीन वर्षं तो रूट एकटीला मिळतो, आणि त्या फरकातला २० टक्के वाटा राज्याचा असतो. २०१८ ला कोल्हापूर-मुंबई छोट्या विमानानं सुरू झाली, पेढे वाटले, आणि काही महिन्यांत बंद. मग परत कोणतरी आलं, परत बंद. आता हायकोर्टाचं सर्किट बेंच झालंय, वकील-पक्षकारांची ये-जा वाढलीय, तर विमानं वाढतील म्हणे. बघू. राजाराम महाराजांनी १९३९ साली या माळावर विमानतळ उभा केला, त्यानंतर किती वेळा इथली सेवा सुरू झाली आणि बंद पडली हे आमच्या गावातली म्हातारी माणसं बोटांवर मोजत सांगतात.

असो, मुद्द्यावर येतो.

दुसरी गोष्ट वेळेची. हे मी डोळ्यानं बघितलंय म्हणून सांगतो, नावं घेत नाही. काही वर्षांपूर्वी गडहिंग्लजकडं एका शाळेच्या ग्राउंडवर हेलिपॅड केलेलं, चुन्यानं एच काढलेला, फायर ब्रिगेडची गाडी, ॲम्ब्युलन्स, सगळं तयार. पाहुणे तीनला निघणार होते. चार वाजले, पाच वाजले, पीएचा फोन दर पंधरा मिनिटाला, "निघालेच आहेत". आता अशा हेलिपॅडवरून नजरेनं बघूनच उडायचं असतं, आणि आपल्याकडं सूर्यास्तानंतर २० मिनिटांनी तसं उडायला बंदी आहे. त्यात डोंगराकडून ढग उतरायला लागलेले. कॅप्टन माझ्याशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून एकदा घड्याळ बघायचा, एकदा डोंगर बघायचा. मी चहा दिला तो तसाच गार झाला. शेवटी पाहुणे आले तेव्हा वेळ टळायला दहा-बारा मिनिटं होती, आणि कॅप्टन म्हणाला, नाही जमणार, गाडीनं जावा. ग्राउंडवर असली शांतता झाली की काय सांगू. पाहुणे मुकाट गाडीत बसून गेले, खरं तर ते काहीच बोलले नाहीत, बोलले ते सोबतचे. आणि त्यानंतर त्या ऑपरेटरला त्या खात्याचा फोन येणं बंद झालं. लेखी काहीच नाही, कुणी काही म्हणालं नाही, नुसता फोन बंद.

पुढच्या वेळी दुसरा कॅप्टन त्या खुर्चीत बसला असेल तेव्हा त्याच्या डोक्यात काय चाललं असेल याचा विचार करा. ढगाचा हिशोब करता करता त्याला मालकाच्या कंत्राटाचाही हिशोब करायला लागतो, आणि हे दोन हिशोब एका डोक्यात नकोत. २००९ ला आंध्रचे मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी खराब हवेत हेलिकॉप्टरसकट गेले. २०१७ ला निलंग्यात आपल्या मुख्यमंत्र्यांचं हेलिकॉप्टर उडता उडता खाली आलं, दैव बलवत्तर म्हणून सगळे वाचले. ती सरकारची स्वतःची यंत्रं होती, कारणं प्रत्येकाची वेगळी होती, मी काही त्यातला तज्ज्ञ नाही. पण राज्यातल्या कितीतरी धावपट्ट्यांवर टॉवर नाही, हवामानाचा धड रिपोर्ट नाही, तिथं पायलटचं "नाही" हीच काय ती शेवटची तटबंदी. ती कंत्राटात लिहून पक्की करा. पायलट नाही म्हणाला तर ऑपरेटरला दंड नाही, त्या दिवसाचं ठरलेलं किमान भाडं मिळणार, आणि का नाही म्हणाला हे विचारायला पीएनं फोन करायचा नाही.

तिसरं बिलांचं. हे माझ्या पोटाचं आहे म्हणून थोडं जास्त बोललो तर राग मानू नका. साखळी अशी आहे, खातं ऑपरेटरला देणार, ऑपरेटर मला देणार, मी ड्रायव्हरला आणि डबेवाल्या वहिनींना देणार. खात्याकडं फाईल अडकली की खालपर्यंत सगळं अडकतं, फरक एवढाच की ड्रायव्हर आणि वहिनी थांबू शकत नाहीत, त्यांना मी खिशातून देतो. एका दौऱ्याचं माझं १ लाख ८६ हजाराचं बिल अकरा महिने झाले येतंय. विचारलं की कधी लॉगबुकची प्रत नाही, कधी सही करणारे साहेब बदलले, कधी मार्च संपला आता नवीन ग्रँट आल्यावर. एकदा तर सांगितलं की गाड्या सात लागल्या पण मंजुरी पाचची होती. अहो, सात गाड्या तुमच्याच माणसानं फोनवर मागितल्या, मी काय हौसेनं आणून लावल्या?

सूक्ष्म-लघु उद्योगांचा २००६ चा कायदा सांगतो की ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे, नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. माझी उद्यम नोंदणी आहे, म्हणजे या कायद्यात मी बसतो. पण व्याज मागायला गेलो तर पुढचं काम गेलं हे मला माहितीय, ऑपरेटरला माहितीय, तुम्हालाही माहितीय. आणि यात एक गोम आहे बघा, पैसे वर्षभर अडकणार हे धरूनच मोठे ऑपरेटर दर लावतात आणि ज्याच्याकडं एकच विमान आहे तो छोटा ऑपरेटर सरकारी कामाच्या वाटेलाच जात नाही. म्हणजे उशिरा पैसे देऊन तुम्ही काही वाचवत नाही, उलट महाग घेताय.

आता ज्याच्यासाठी खरं हे पत्र लिहायला बसलो ते.

ऑगस्ट २०१९. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४३ आहे. शिरोलीजवळ हायवेवर पाणी, पुण्याकडं जायचा रस्ता जवळपास आठवडाभर बंद, रेल्वे बंद. माझा सख्खा चुलता त्याच वेळी दवाखान्यात होता, कावीळ वाढत वाढत लिव्हर साथ देईना, डॉक्टर म्हणाले ट्रान्सप्लांट लागलं तर जिथं सोय आहे तिथं हलवा, पुणे नाहीतर मुंबई. रस्त्यानं हलवायला रस्ताच नाही. रोजच्या विमानात स्ट्रेचर घेत नव्हते. मी या धंद्यातला, मला वाटलं आपण फोन फिरवला की काम होणार. सात ठिकाणी फोन केले. एअर ॲम्ब्युलन्स मिळत होती, पण लांबून रिकामी येणार, त्या रिकाम्या फेरीचेही पैसे आपणच द्यायचे, एकूण आकडा लाखांत आणि सगळा ॲडव्हान्स. आमचं घर शेतकऱ्याचं, पाण्याखाली गेलेल्या उसाचं, कुठनं आणणार?

आणि त्याच दोन दिवसांत उजळाईवाडीच्या एप्रनवर, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेवर, पाहणी दौऱ्याचं चार्टर उभं होतं. टर्बोप्रॉप, म्हणजे पंख्याचं छोटं विमान, आठ सीटर. साहेब पूर बघायला गेलेले, पाच तास विमान नुसतं उभं, इंजिनला कव्हर घातलेली, क्रू माझ्या ऑफिसात बसून मोबाईल बघतोय. इथनं मुंबई हवेतनं पाऊण-एक तास. पाच तासात जाऊन येऊन वर चहा प्यायला वेळ उरला असता.

मी कॅप्टनला विचारलं. हो, विचारलं, लाज सोडून. तो भला माणूस, म्हणाला, "दादा, साहेब हो म्हणाले तरी मी नेऊ शकत नाही, या विमानात स्ट्रेचर बसवायचा किट नाही, सीट काढून नुसती गादी टाकून पेशंट नेता येत नाही, ऑक्सिजनची सोय नाही, परवानगी नाही." बरोबरच होतं त्याचं. मला साहेबांचा राग नाही आला त्या दिवशी, त्यांना बिचाऱ्यांना कळलंही नाही. राग आला तो कंत्राट लिहिणाऱ्याचा. ज्यानं लेदर सीटा आठवणीनं लिहिल्या त्याला स्ट्रेचर किट ही एक ओळ लिहायला काय झालं होतं?

(काका वाचला. रस्ता सुटल्या सुटल्या ॲम्ब्युलन्सनं पुण्याला नेला, ट्रान्सप्लांटची वेळ आली नाही, आता ठणठणीत आहे आणि मी असलं काही लिहितो म्हणून मला शिव्या घालतो. पण ते नशीब होतं, आमची व्यवस्था नव्हती. २०२१ च्या जुलैत परत पूर आला, परत हायवे बंद, तेव्हा कुणाकुणाचे काका अडकले असतील ते मला माहीत नाही.)

हे काही स्वप्नातलं मागत नाही. मध्य प्रदेश सरकारनं २०२४ ला एअर ॲम्ब्युलन्स सुरू केली, एक विमान आणि एक हेलिकॉप्टर, आयुष्मान कार्डवाल्या पेशंटला फुकट. झारखंडनं २०२३ ला रांचीहून सवलतीच्या दरात सुरू केली. आपण महाराष्ट्र, देशातलं सगळ्यात श्रीमंत राज्य म्हणून छाती फुगवतो. अवयवदानाचं तर विचारूच नका, इथनं मुंबई रस्त्यानं पावणेचारशे किलोमीटर, पोलिसांनी ग्रीन कॉरिडॉर केला, म्हणजे सगळा रस्ता मोकळा करून दिला, तरी काढलेलं हृदय चार-सहा तासात दुसऱ्याच्या छातीत बसवायचं असतं. इथल्या एखाद्या घरानं एवढ्या दुःखात हो म्हणायचं आणि आपल्याकडं न्यायला विमान नाही म्हणून थांबायचं, हे बरं दिसतं का?

चौथी तक्रार थोडक्यात. कोण उडलं, कुठनं कुठं, किती तास, त्यातले रिकामे किती, दर काय, हे बघायला मी माहिती अधिकारात अर्ज टाकलेला. उत्तर आलं, सुरक्षेच्या कारणास्तव देता येत नाही. उद्याचा दौरा गुप्त ठेवा ना, कोण नाही म्हणतंय, पण सहा महिन्यांपूर्वी उतरून गेलेल्या विमानाच्या बिलात कसली सुरक्षा? माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ तर म्हणतं की असलं कुणी न मागता स्वतःहून जाहीर करा.

तर मागण्या. जास्त नाहीत.

नवीन टेंडरात दर्जाला गुण द्या. विमानाचं वय, मेंटेनन्सच्या नोंदी, डीजीसीएच्या तपासणीत काय निघालं आणि ते दुरुस्त केलं का, पायलट किती आणि त्यांना विश्रांती किती मिळते, हे बघून मग दराचं पाकीट उघडा. पायलटच्या "नाही"चं वर सांगितलंच, ते कलम जसंच्या तसं घाला.

बिलं ४५ दिवसात. उशीर झाला तर व्याज न मागता आपोआप बिलात लागलं पाहिजे, म्हणजे मागणारा वाईट होणार नाही. आणि ऑपरेटरला पैसे मिळाले की त्यानं पंधरा दिवसात आमच्यासारख्यांचे द्यायचे हेही लिहा, नाहीतर तो तिकडं घेऊन बसायचा.

सरकारी भाड्याच्या निदान एका विमानाला स्ट्रेचर किट सक्तीचा करा, परवानगीसकट. विमान नुसतं उभं असेल आणि पेशंट असेल तर कलेक्टरांनी एका फोनवर सोडायचं, तेवढ्या वेळात साहेबांना यायला उशीर झाला तर विश्रामगृहात बसतील, आम्ही चहा देऊ, फुकट देऊ.

आणि पावसाळ्यासाठी वेगळं कंत्राट करा, जून ते सप्टेंबर, महिन्याचं ठरलेलं स्टँडबाय भाडं आणि वर उडेल तेवढे तास. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटाला, म्हणजे इशारा पातळीला लागलं की ते विमान उजळाईवाडीत येऊन उभं राहिलं पाहिजे. हायवे बंद पडल्यावर फाईल हलवायला घ्यायची नाही. आमचा विमानतळ माळावर आहे साहेब, शहरात पाणी असलं तरी इथं कोरडं असतं, २०१९ ला बचाव पथकं याच धावपट्टीवर उतरली.

दर महिन्याला उड्डाणांचा तक्ता वेबसाइटवर टाका, महिनाभर उशिरानं टाका, चालेल.

ज्या ऑपरेटरनं पीडीएफ पाठवलेली त्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही. दर भरायची मुदत अजून बारा दिवस आहे, म्हणजे तुम्हाला शुद्धिपत्रक काढायला पण बारा दिवस आहेत. साठ पानांत एक पान वाढलं तर काही बिघडत नाही. मिरगाचा पाऊस लागायच्या आधी मी मुंबईला येऊन तुमच्या ऑफिसात विचारणार आहे, काय झालं म्हणून. एसटीनं येतो. येताना त्या १ लाख ८६ हजाराच्या बिलाची परत एक झेरॉक्स आणतो, आधीच्या चार तुमच्याकडं असतीलच.

आपला,
उजळाईवाडीचा एक चार्टर हँडलिंगवाला